दोघांनी मिळून आधुनिक वास्तू बघायच्या आहेत? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधुनिक इमारती बघायला जोडीनं निघणारे नागपूरकर आम्हाला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची ही उत्तरं. मी चित्रकला शिकवते आणि ह्यांची अख्खी नोकरी पुलांच्या कामावर गेली, त्यामुळे उत्तरांत भिंतीवरचा उजेड आणि खांबातलं लोखंड दोन्ही डोकावतील. उघडण्याच्या वेळा आणि सुट्ट्या बदलत असतात. निघण्याआधी एक फोन कराच.

१. आधुनिक वास्तू म्हणजे नेमकं काय धरायचं? नवे काचेचे टॉवर त्यात येतात का?

साधारण १९३० नंतर सिमेंट काँक्रीट, पोलाद आणि काच हाताशी आली आणि इमारत कशी बांधायची याचा विचारच बदलला. तिथून पुढचं सगळं आम्ही यात धरतो. वास्तुकार ली कॉर्बुझिएचं चंदीगड, लुई कान यांचं अहमदाबादचं आयआयएम, बाळकृष्ण दोशी, चार्ल्स कोरिया, अच्युत कानविंदे या भारतीय वास्तुकारांची कामं ही या वाटेवरची मोठी ठिकाणं. यातले दोशी पुण्यात जन्मले आणि कानविंदे कोकणातल्या आचऱ्याचे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

काचेचे टॉवर वयाने आधुनिक आहेतच. पण ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तिथे पश्चिमेला अख्खी काचेची भिंत उभी करायची आणि मग दिवसभर एसी चालवायचा, याला आम्ही बघण्यासारखी वास्तू म्हणणार नाही. आमची कसोटी एवढीच: इमारतीनं इथल्या उन्हाला, पावसाला, माणसांच्या वावराला काही उत्तर दिलंय का? या कसोटीवर एक मातीची कुटीसुद्धा आमच्या यादीत आली आहे (प्रश्न ५).

२. नागपुरात असं काही आहे का, की थेट चंदीगड-अहमदाबादच गाठायचं?

आहे, आणि सुरुवात इथूनच करा. दीक्षाभूमीचा स्तूप आहे (प्रश्न ४). सिव्हिल लाईन्समधली उच्च न्यायालयाची इमारत आहे. ती हेन्री मेड यांची. नवी दिल्ली घडवणाऱ्या लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर या वास्तुकारांच्या पठडीत काम केलेला हा माणूस. १९३७ मध्ये पायाभरणी झाली आणि ६ जानेवारी १९४० ला व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते उद्घाटन. घुमट आहे, खांब आहेत, पण नक्षी जवळपास गाळून टाकलेली. जुनं ठेवणीतलं रूप आणि नवा साधेपणा यांच्या उंबरठ्यावरची ही इमारत आहे, म्हणूनच ती पहिल्यांदा बघावी.

मेट्रोची कामंही यादीत धरा. वर्धा रोडवर एकाच खांबावर मधल्या मजल्याला महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो असे चार थर एकमेकांवर आहेत. तिथे रेल्वेवरून टाकलेला पोलादी सांगाडा १६५० टनांचा आहे. पुलाला वास्तू म्हणावं का, असं कुणी विचारलं तर आमच्या घरी त्यावर रात्रीचं जेवण थंड होतं. माझं मत हो असंच आहे.

जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम शशी प्रभू यांचं, २००८ चं. ते सामन्याच्या दिवशीच बघावं. रिकामं स्टेडियम काही बोलत नाही.

३. हातात एकच दिवस आहे. नागपुरातल्या नागपुरात तो कसा घालवावा?

सकाळी लवकर दीक्षाभूमी. ऊन तिरकं असतं तोवर घुमटाची गोलाई नीट कळते. दुपारी तो नुसता पांढरा गोळा दिसतो. तिथून रिक्षाने राहाटे कॉलनी स्टेशन आणि मेट्रोने आधी उलट्या दिशेला, खापरीकडे. छत्रपती चौक ते उज्ज्वलनगर या टप्प्यात खिडकीशी उभं राहून खाली बघितलं की तुमच्या पायाखालून गाड्या जाताना दिसतात. उज्ज्वलनगरला उतरा, जिना उतरून रस्त्यावर या आणि त्याच खांबाकडे खालून बघा. खांबाच्या दोन्ही बाजूंना हातासारखे निघालेले तुकडे मधला पूल तोलून धरतात. वरच्या पेटीवर, म्हणजे मेट्रो जिच्यावरून धावते त्या पोकळ तुळईवर, ठरावीक अंतरावर बारीक उभ्या रेघा दिसतील. ते सेगमेंटचे सांधे. कास्टिंग यार्डात ओतलेले तुकडे इथे आणून, एकमेकांना चिकटवून, आतून पोलादी तारांनी ताणून बांधलेले असतात. हे एकदा दिसलं की पुढे कुठलाही पूल तुम्ही नुसता ओलांडणार नाही.

परत सीताबर्डीला येऊन पोटपूजा. तर्री-पोहे सकाळी झाले नसतील तर आता सांबारवडी. दुपार घरी किंवा हॉटेलात काढा. नागपूरची दुपार इमारती बघण्यासाठी नसतेच. चारनंतर झिरो माईल, तिथून सिव्हिल लाईन्सच्या झाडांखालून चालत उच्च न्यायालय. आत जायला काम किंवा पास लागतो, कॅमेरा चालत नाही, त्यामुळे ते रस्त्यावरूनच बघायचं. रविवारी गर्दी नसते. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असेल तर मात्र हा संध्याकाळचा भाग सोडून द्या. बंदोबस्तात रेंगाळणाऱ्या जोडप्यांचं स्वागत होत नाही.

४. आम्ही दर्शनाला नाही, वास्तू बघायला दीक्षाभूमीला जाणार. चालेल का? आणि तिथे बघायचं काय?

चालेल. मात्र कुठे उभे आहोत याचं भान ठेवूनच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच जागी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तुमच्या शेजारी उभं असलेलं म्हातारं जोडपं मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेलं असू शकतं. तुम्ही कमानीचं माप घेताय आणि ते हात जोडून उभे आहेत, तर जागा त्यांची आधी. चपला बाहेर, आवाज खाली, एकमेकांच्या गळ्यात हात घालून सेल्फी इथे नको. आतल्या भागात फोटोआधी सेवकांना विचारा.

आता वास्तू. शिवदान मल यांनी ती सांचीच्या स्तूपावरून बेतली. काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालं. सांचीचा मोठा स्तूप आतून भरीव आहे. त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची, आत शिरायचं नाही. नागपूरचा स्तूप पोकळ आहे. घुमटाचा व्यास १२० फूट, म्हणजे सांचीच्या जवळपास तेवढाच, पण उंचीही १२० फूट. सांचीचा साधारण ५४ फुटांवर थांबतो. हा फरक कशानं पडला? इथे आत माणसं मावायला हवी होती. खालचं दालन २११ फूट गुणिले २११ फुटांचं आहे. जे शतकानुशतकं देवळाबाहेर ठेवले गेले, त्यांच्यासाठी उभारलेल्या स्तूपात प्रत्येकाला आत जाता येतं, आणि चार दिशांना चार दारं आहेत. सुंदर निर्णय आहे हा, आणि मला तो दगडापेक्षा मोठा वाटतो.

आत गेल्यावर लगेच मूर्तीकडे चालत जाऊ नका. दाराशी एक मिनिट थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग मधोमध जाऊन वर बघा. घुमट दोन थरांचा आहे, मधे थोडी पोकळी सोडलेली. बाहेरच्या कमानींवर अशोकचक्र, घोडे, हत्ती, सिंह आहेत. दगड धोलपूरचा, शिवाय संगमरवर आणि ग्रॅनाईट.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जायचं का, हेही खूप जण विचारतात. अशोक विजयादशमीला इथे लाखोंचा समुदाय येतो. इमारत बघायची असेल तर तो दिवस टाळा. ती इमारत कशासाठी आहे हे बघायचं असेल तर तोच दिवस निवडा, पायी या आणि पुस्तकांच्या स्टॉलवर वेळ काढा.

५. सेवाग्रामची बापू कुटी तर मातीची. ती आधुनिक कशी?

गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. घर आसपास मिळणाऱ्या साहित्यातून, गावच्याच हातांनी आणि शंभर रुपयांच्या आत व्हावं, अशी त्यांची अट होती. किती लागतं, कुठून आणायचं, कोण बांधणार: हे तीन प्रश्न घर बांधण्याआधी विचारणं हा अगदी आधुनिक विचार आहे. पुढे वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात स्वस्त, देखण्या विटांच्या घरांचा जो संसार मांडला, त्याच्या मुळाशी गांधीजींची हीच शिकवण होती.

कुटीत शिरलात की डोळे आधी खाली, जमिनीच्या पातळीवर आणा. सगळं बसणाऱ्या माणसाच्या मापाचं आहे: बैठक, टेकायची फळी, हात पोचेल अशा फळ्या. मातीच्या भिंतीवर मीराबेननं उठावात केलेली ताडाची झाडं, मोर आणि चरखा आहे. ओल्या मातीत बोटांनी उठवलेल्या त्या रेषा जवळून बघाच. मी चित्रकलेच्या मुलांना त्याच दाखवायला नेते. आश्रमात एक टेलिफोनची खोलीही दाखवतात. तो फोन लिनलिथगोंच्या काळात बसवलेला, म्हणजे नागपूरच्या उच्च न्यायालयाचं उद्घाटन करणारे तेच व्हाईसरॉय. एका आठवड्यात दोन्ही वास्तू बघितल्या तर त्या काळाची दोन टोकं समोर येतात.

नागपूरहून अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. सेवाग्राम स्टेशनला उतरून रिक्षा करा, परतताना पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम घ्या.

६. नागपूरबाहेरची पहिली सहल कुठली करावी?

भोपाळ, डोळे झाकून. रात्री बसा, सकाळी उतरा. दिवसाच्या गाडीने जायचं तर सहा तासांच्या आसपास. इंदूरची वंदे भारतही भोपाळवरूनच जाते.

तिथलं भारत भवन कोरियांचं, १९८२ चं. श्यामला टेकडीच्या उतारावर, मोठ्या तलावाच्या काठी. रस्त्यावरून बघाल तर इमारत दिसतच नाही. दिसतात त्या गच्च्या, बुटके कठडे आणि पलीकडे पाणी. तुम्ही छतावरूनच आत शिरता आणि पायऱ्या-पायऱ्यांनी खाली चौकांत उतरता. दालनं त्या चौकांच्या कडेने जमिनीत दडलेली. त्यामुळे उन्हाचा मारा कमी आणि संध्याकाळी सगळ्या गच्च्या लोकांना बसायला मोकळ्या. छतावर काँक्रीटचे झरोके आहेत, त्यांतून उजेड थेट न येता भिंतीवर आपटून खाली येतो. आतली आदिवासी आणि आधुनिक चित्रं शेजारी-शेजारी लावलेली आहेत, चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी हे कलासंग्रहालय उभं केलं. ही दोन्ही प्रकारची चित्रं एकाच मापाने बघायची, हा त्यांचा आग्रह होता.

जवळच मध्य प्रदेशचं जनजातीय संग्रहालय आहे, रेवती कामत यांचं, २०१३ मध्ये खुलं झालेलं. पोलादाच्या उंच छताखाली ओसऱ्या, पूल, अंगणं, आणि आतलं बहुतेक काम त्या त्या समाजातल्या कारागिरांच्या हातचं. माझा जीव भारत भवनात अडकतो, ह्यांचा इथे.

दुसऱ्या दिवशी सांची. भोपाळहून तासाभराची वाट. दीक्षाभूमी आधी बघितलेली असेल तर तिथे उभं राहून दोघांनाही काहीतरी सुचेलच.

७. आम्ही भोपाळला सोमवारी पोचतो. काही अडचण?

मोठी. भारत भवन आणि जनजातीय संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद. बाकीच्या दिवशीही ती दुपारीच उघडतात, सकाळी दारात जाऊन उभं राहू नका. सोमवार सांचीला द्या. स्तूप रोज सूर्योदय ते सूर्यास्त खुला असतो. अहमदाबादची गुफा, म्हणजे दोशींनी केलेलं जमिनीखालचं कलादालन, हेही सोमवारी बंद, एरवी संध्याकाळी चारच्या पुढे.

८. मला इमारतींची आवड आहे, पण नवऱ्याला (किंवा बायकोला) कंटाळा येतो. काय करावं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आमचं उत्तर रोखठोक आहे: दिवसाला एकच मोठी वास्तू, तीही अर्धा दिवस. उरलेला अर्धा दिवस दुसऱ्याच्या आवडीचा, त्यात कुरकुर करायची नाही. भोपाळला कुणाला चौकातला बाजार बघायचा असेल, कुणाला तलावाकाठी नुसतं बसायचं असेल, तर तेही सहलीचंच काम.

दुसरी गोष्ट, वाटून बघा. दोघांनी सोबत फिरत एकच माहिती ऐकली की एक जण मास्तर होतो आणि दुसरा विद्यार्थी, आणि तिथे सहल बिघडते. आत शिरल्यावर अर्धा तास वेगळे व्हा. एकानं इमारत बघावी, दुसऱ्यानं माणसं: लोक कुठे बसतात, कुठे थबकतात, शिपायानं आपली खुर्ची कुठे टाकली आहे. पहारेकऱ्याची खुर्ची जिथे असते तिथे वारा असतो, हे ह्यांनी मला शिकवलं आणि ते कधीच चुकलेलं बघितलं नाही. मग चहा घेताना एकमेकांना सांगा. ज्याला कंटाळा यायचा त्याच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं.

आणि खरंच कुणाला नको असेल तर ओढून नेऊ नका. एकट्यानं बघून आलात तरी संसार चालतो.

९. आम्हाला वास्तुकलेतलं काहीच कळत नाही. बघायचं काय?

शैलींची नावं पाठ करू नका. चार गोष्टी पुरतात. आत कसं घेतलंय: थेट दारातून, की वळणं देत, की खाली उतरवून? उजेड कुठून येतो आणि तो थेट अंगावर पडतो की कुठेतरी आपटून? पावसाचं पाणी छतावरून कुठे जातं? आणि जिना कसा आहे? चांगल्या जिन्यावर बोलत बोलत चढता येतं, धाप लागत नाही.

मग हात लावा. उघड्या काँक्रीटच्या भिंतीवर बहुतेकदा शटरिंगच्या, म्हणजे ओलं काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, लाकडी फळ्यांचे ठसे असतात. नीट बघितलं तर फळीचे रेषे, गाठी, खिळ्याचं टोकसुद्धा दिसतं. गवंड्यांच्या हातचं काम असं पन्नास-साठ वर्षं भिंतीवर छापलेलं राहतं. अहमदाबादला आणि चंदीगडला ते ठसे शोधा.

१०. नाव एवढं मोठं आणि प्रत्यक्षात काळं पडलेलं, गळकं काँक्रीट! निराशा होते.

होते, पण कारण कळलं की राग योग्य जागी जातो. काँक्रीट आतल्या सळईला गंजण्यापासून जपतं, कारण ते अल्कधर्मी असतं. हवेतला कार्बन डायऑक्साईड हळूहळू आत मुरतो, तो अल्कधर्म कमी होतो, आणि सळईवरचा काँक्रीटचा थर पातळ असेल तर ओल तिथपर्यंत लवकर पोचते. गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचा पापुद्रा फोडून काढते. काळेपणा बहुतेक वेळा शेवाळाचा, पावसाळ्यात वाढून उन्हाळ्यात करपलेला. छज्ज्याला खालून पाणी तोडायची खाच नसेल तर ते भिंतीवरूनच ओघळतं.

यातला काही दोष वास्तुकाराचा असतो. ज्यांनी युरोपातल्या बारीक पावसाचा अंदाज धरला, त्यांना आपला मुसळधार पाऊस समजायला वेळ लागला. पण जास्त दोष देखभालीचा. वर्षानुवर्षं पन्हळी तुंबलेल्या ठेवायच्या आणि इमारतीला गळकी म्हणायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि त्याच सबबीवर चांगल्या इमारती पाडायला निघतात. असं बघितलं की मला वाईट वाटतं.

११. अहमदाबाद की चंदीगड?

पहिल्यांदा अहमदाबाद. नागपूरहून थेट गाड्या आहेत, आणि हवा आपल्यासारखीच कडक, त्यामुळे तिथले उपाय आपल्याला लगेच कळतात. आश्रम रोडवरची मिल ओनर्स असोसिएशनची इमारत कॉर्बुझिएची, १९५४ ची. पश्चिमेच्या उन्हाला अडवायला तिथे काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरप्या लावल्या आहेत; नदीच्या बाजूला, पूर्वेला, त्याच फळ्या सरळ, वारा आत यावा म्हणून. एकाच इमारतीच्या दोन तोंडांवर दोन वेगळी उत्तरं. नागपुरात पश्चिममुखी फ्लॅट घेतलेल्यांनी तर हे बघावंच.

साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय कोरियांच्या उमेदीच्या काळातलं, १९६३ चं. सहा मीटरचे चौकोन, कौलारू छत, लाकडी झडपा, मधे पाण्याचा चौक, खिडक्यांना काच नाही. बापू कुटीनंतर इथे या. आश्रम परिसरात पुनर्विकासाचं काम निघालं आहे, आधी चौकशी करा. दोशींचं संगथ, म्हणजे त्यांचं स्वतःचं कार्यालय, अर्धं जमिनीत आणि वर चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांनी मढवलेल्या कमानी. आपण गच्चीवर चायना मोझॅक लावतो त्याच कारणासाठी, ऊन परतवायला. भेटीला वेळ आधी मागावी लागते.

कान यांचं आयआयएम १९६२ पासून उभं राहत गेलं. विटांच्या रुंद कमानीच्या पायाशी काँक्रीटची एक आडवी पट्टी दिसेल. कमान दोन्ही बाजूंना फाकायला बघते, ती पट्टी तिला बांधून ठेवते. आमचे हे त्या पट्टीपुढून हलत नाहीत. परवानगीबद्दल प्रश्न १५ बघा.

चंदीगडला स्वतंत्र आठवडा काढा. तिथलं कॅपिटॉल संकुल २०१६ पासून जागतिक वारसा आहे. उच्च न्यायालय, विधानसभा आणि सचिवालय एकमेकांपासून लांब पसरलेली आहेत, मार्गदर्शकासोबतच फिरता येतं आणि ओळखपत्र लागतंच.

१२. मुंबई-पुण्याला जाणं होतंच. तिथे थोडक्यात काय?

मुंबईत ओव्हल मैदानाच्या मधोमध उभे राहा: एका बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या दगडी इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, म्हणजे १९३०-४० च्या दशकांतल्या गोलाईदार काँक्रीटच्या इमारती. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा झाला. एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर फिलिप जॉन्सन यांचं. ते बघायचा उत्तम उपाय म्हणजे मैफलीचं तिकीट काढणं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र, कोरियांचं, जयंत नारळीकरांच्या संस्थेसाठी बांधलेलं. मधल्या कुंडात आर्यभट, न्यूटन, गॅलिलिओ आणि आईनस्टाईन आहेत. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, सगळ्यांना आत घेतात.

१३. कुठल्या महिन्यात निघावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आमची वेगळी शिफारस म्हणजे जुलै-ऑगस्ट: इमारत पाण्याचं काय करते ते तेव्हाच दिसतं, आणि भोपाळचा तलावही भरलेला असतो. मे महिन्यात फक्त जाड भिंती बघा. सेवाग्रामला तेव्हा कुटीत शिरल्याबरोबर मातीच्या भिंतीचं मोल अंगाला कळतं.

१४. फोटो, प्री-वेडिंग शूट, ड्रोन?

मोबाईलवर स्वतःपुरता फोटो बहुतेक ठिकाणी चालतो. ट्रायपॉड, लाईट, मेकअपवाल्यांचा ताफा आला की लेखी परवानगी. नागपुरात हौस भागवायची असेल तर मेट्रोनं समारंभ आणि शूटसाठी डबे भाड्याने देण्याची सोय केली आहे, ती वापरा. दीक्षाभूमी, सेवाग्राम, न्यायालय इथे प्री-वेडिंगचा विषयच काढू नये. ड्रोन शहरात विसरा: विमानतळ जवळ आहे, आणि डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर लाल पट्ट्यात परवानगीविना उडवणं गुन्हा आहे.

१५. खासगी घरं आणि संस्थांचे परिसर आतून बघता येतात का?

संस्थेला दोन-तीन आठवडे आधी ईमेल पाठवा. कोण आहोत, का बघायचंय, किती वेळ, ओळखपत्र जोडून. नकार आला तर तो घ्यावा. विद्यार्थ्यांची वसतिगृहं ही त्यांची घरं आहेत. मुंबईची कांचनजंगा ही कोरियांची सदनिकांची उंच इमारत किंवा अहमदाबादचं सारा‌भाई कुटुंबाचं घर अशा जागी पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. कांचनजंगाच्या कोपऱ्यातल्या दुमजली उंचीच्या गच्च्या रस्त्यावरूनच जास्त चांगल्या दिसतात.

१६. आमचं लग्न झालेलं नाही. हॉटेलात अडवतील का?

दोन सज्ञान माणसांनी लग्नाविना एका खोलीत राहू नये, असा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. दोघांची ओळखपत्रं मात्र हवीत. काही हॉटेलं स्वतःच्या नियमावर बोट ठेवतात, किंवा त्याच शहराचा पत्ता असेल तर खोली देत नाहीत. म्हणून बुकिंगआधी फोनवर सरळ विचारा. दोघं पुरुष किंवा दोघी स्त्रिया असाल तरी कायदा तोच, आणि कलम ३७७ वरच्या २०१८ च्या निकालानंतर कुणी पोलिसांची भीती घालण्याचं कारण उरलेलं नाही.

लग्न झालंय पण आधारवर माहेरचं आडनाव आहे, असंही बऱ्याच जणी विचारतात. त्यानं काही अडत नाही.

१७. गुडघे दुखतात. आम्ही दोघंही सत्तरीचे.

मेट्रोला लिफ्ट आहेत, तिथे बिनधास्त. भारत भवनात उतरणं सोपं आणि परत चढणं अवघड, कारण परतीची वाट वरच आहे. पहिल्या चौकापर्यंत जाऊन थांबलात तरी इमारत कळते. सांचीला सकाळी लवकर. जनजातीय संग्रहालय प्रशस्त आहे, बसायला जागा भरपूर.

१८. नवरा-बायकोनं मिळून घडवलेलं काही बघता येईल का?

येईल की. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे वास्तुकार जोडपं १९५१ मध्ये चंदीगडला आलं आणि सेक्टरांमधली घरं, शाळा, दवाखाने यांचं खूपसं काम त्यांनी केलं. कॅपिटॉलच्या झगमगाटात तिकडे कुणी फिरकत नाही. भोपाळचं जनजातीय संग्रहालय करणाऱ्या रेवती कामत यांनी पती वसंत कामत यांच्यासोबतच आपलं काम उभं केलं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला, त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था जन्मली. त्या अहवालात साध्या पितळी लोट्यावर लिहिलेली पानं आहेत. दोघांनी मिळून एक वस्तू किती बारकाईनं बघावी, याचा तो धडाच आहे.

१९. आमच्या गल्लीतला जुना बंगला पाडणार आहेत. गोल बाल्कनी, सिमेंटची जाळी, सगळं छान आहे. आधी बघता येईल का? थांबवता येईल का?

धरमपेठ, रामदासपेठ, सदर भागातून हा प्रश्न आता सारखा येतो. बघण्यासाठी मालकांना भेटा, दोघांनी जा, काहीतरी गोड घेऊन जा. बहुतेक घरांत कुणीतरी आजी-आजोबा असतात आणि त्यांना घर दाखवायला आवडतं. सकाळच्या उजेडात फोटो घ्या: फाटकाची नक्षी, जिन्याचा कठडा, मोझॅकची फरशी, खिडकीवरचे छज्जे, दाराच्या कड्या. खोल्यांची मापं टेपनं घ्या, एकानं धरायचा, एकानं लिहायचा. कंत्राटदाराचं, गवंड्याचं नाव कुणाला आठवतं का ते विचारा. जुना मंजूर नकाशा घरात असेल तर त्याचा फोटो मागा.

थांबवायचं म्हणाल तर महापालिकेच्या वारसा यादीत ती वास्तू आहे का हे आधी बघा. यादीत असेल तर वारसा संवर्धन समितीच्या परवानगीशिवाय पाडता येत नाही, आणि तुम्ही लेखी तक्रार देऊ शकता. यादीत नसेल तर निर्णय मालकाचा. अशा वेळी फरशा, जाळ्या, दारं भंगारात जाण्याआधी विकत मागून घ्या. पाडकाम करणारा ठेकेदार पहिल्याच दिवशी लाकूड आणि लोखंड उचलतो, त्यामुळे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.